मी वारा मोजतो, बॉस!

परवा धंतोलीतल्या एका लग्नात आत्यानं भर पंगतीत पकडलं. "काय करतो रे बाबू आजकाल?"

"वारा मोजतो, आत्या."

"बाप्पा! वाऱ्याचे बी पैसे भेटते काय?"

भेटतात ना. आणि मोजायला चुकलं तर बुडतातही! फंडा असा, की वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनानुसार बदलते. म्हणजे वेग फक्त १० टक्के कमी निघाला, तर ऊर्जा थेट २७ टक्के कमी. पवनचक्क्यांसाठी बँक कर्ज देते ती याच आकड्यांवर. त्यामुळे आमच्या एक्सेल शीटवर कोट्यवधींचा खेळ असतो.

धूळ चांगली असते!

पूर्वी उंच मनोऱ्यावर फिरत्या वाट्यांचं यंत्र लावलं की काम भागायचं. आता नव्या पवनचक्क्यांचे पंखे सव्वाशे मीटर आणि त्याहूनही उंचावर फिरतात. एवढा मनोरा प्रत्येक ठिकाणी उभा करणं म्हणजे खर्च, वेळ आणि परवानग्यांची कटकट. म्हणून आला लायडार. जमिनीवर ठेवायची एक छोटी पेटी. ती डोळ्यांना न दिसणारा लेसर वर सोडते. हवेतल्या धूलिकणांवर आपटून थोडासा प्रकाश परत येतो, आणि कण पुढे येतोय की लांब जातोय त्यानुसार त्याची वारंवारता किंचित बदलते. अजनी स्टेशनवर गाडी जवळ येताना शिट्टी बारीक वाटते आणि निघून जाताना जाड, अगदी तसंच. चार-पाच दिशांना किरण सोडले, की साधारण ४० ते २०० मीटरपर्यंत प्रत्येक थरातला वारा कळतो. गंमत म्हणजे हवा फारच स्वच्छ असली तर लायडार आंधळा. मे महिन्यातल्या आपल्या धुळीला पहिल्यांदाच कुणीतरी थँक्यू म्हटलं असेल!

आपल्याकडे समुद्रावरही हा प्रयोग झालाय. २०१७ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं गुजरातजवळ खंभातच्या आखातात लायडार बसवला.

पठारावरचा लोचा

माझी खरी परीक्षा झाली साताऱ्याच्या डोंगरांत. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे, तिथं विसाहून अधिक वर्षं पवनचक्क्या फिरताहेत. त्याच भागात आमची पेटी होती. इथला सगळ्यात जोरदार वारा पावसाळ्यात. आणि नेमकं तेव्हाच पठार ढगांत बुडतं! दाट धुक्यात लेसर वरपर्यंत पोचतच नाही. जुलैच्या डेटात भलीमोठी भोकं पडली. त्यात कड्यावरून वारा वर चढतो, आणि लायडार धरून चालतो की सगळ्या किरणांना सारखाच वारा लागतोय.

"सरासरी टाक आणि भरून काढ," सीनियरचा फोन. रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. खरं सांगतो, हात कीबोर्डवर गेला होता. पण वाटलं, जे तास गायब आहेत ते साधे नाहीत. जोराच्या वाऱ्याच्या दिवसांतले आहेत. तिथं सरासरी कसली टाकायची?

रिकाम्या जागा मी रिकाम्याच ठेवल्या आणि कारण लिहिलं. क्लायंट जाम वैतागला. आठवडाभर ऑफिसात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. शेवटी ठरलं, लायडारशेजारी मनोराही ठेवायचा आणि पुढचा पावसाळा दोन्ही ताडून पाहायचे. काम लांबलं, माझं प्रमोशनही. पण झोप छान लागते.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिनं माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढली. "मंग आपल्या नागपुरात कधी लावतो तुझी पेटी?"

"आत्या, इथं वारा बेताचाच. इथं ऊन मोजावं लागेल!"