अलिबागच्या खाऱ्या हवेत प्रिंटर आणि कॉम्प्युटर आतून का गंजतात?

मशीनवर पाणी सांडलं नाही, ते आपटलंही नाही, तरी झेरॉक्स मशीन एक दिवस बंद! अलिबागच्या किनाऱ्याजवळच्या दुकानांत ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. उघडून बघितलं की बोर्डावर हिरवट डाग दिसतात. ते गंजलेलं तांबं.

भूगोलात 'खारे वारे' शिकलोय ना आपण? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे. लाटा फुटताना उडालेल्या थेंबांतलं मीठ हेच वारे खिडकीतून आत आणतात, आणि मशीनचा पंखा ती हवा थेट बोर्डावर ओढतो.

नुसतं कोरडं मीठ फार काही बिघडवत नाही. खरी गडबड ओलाव्याची. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तेच हे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. आता बोर्डावर खारट पाण्याचा पातळ थर आणि त्यातून वीज! एका पिनेवरचा धातू विरघळून दुसरीकडे सरकतो, झाडाच्या फांद्यांसारखे बारीक धागे वाढतात. धागा समोरच्या पिनेला टेकला की शॉर्ट.

म्हणून दुपारी मशीनजवळची खिडकी बंद ठेवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहील असं बघा. एसीने गार झालेल्या खोलीत एकदम दमट हवा आत घेऊ नका, थंड मशीनवर दव धरतं. रात्री झाकायला कापड बरं, प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.

यूट्यूबवर सगळे म्हणतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकटपणा जाईल हो, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही! जाणकार टेक्निशियन बोर्ड सुटा करून आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतो, मग अल्कोहोलने ते पाणी काढतो आणि पूर्ण सुकवतो. हे घरी करू नका, प्रिंटरच्या ड्रमला तर हातही लावू नका.

तुमच्या फोनच्या चार्जिंग पोर्टचंही गणित हेच. 'आयपी६८'ची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. बीचवरून आल्यावर पोर्टमध्ये ओलाव्याची सूचना दिसली, तर पूर्ण सुकेपर्यंत केबल लावू नका. ओल्या पिनांना वीज मिळाली की गंज झपाट्याने वाढतो. आणि तांदळाच्या डब्यात फोन ठेवून मीठ निघत नाही, उलट पोर्टमध्ये पीठ जातं.