संस्थेचा सातबारा

गणपती जवळ आले की मंडळाच्या कार्यकर्त्यांची धर्मादाय कार्यालयात एक फेरी ठरलेली असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला कलम 41 क खाली परवानगी घेतल्याशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. बहुतेकांचा या कार्यालयाशी एवढाच संबंध येतो. पण गावचे देऊळ, तालुक्याची शिक्षण संस्था, शंभर वर्षांचे वाचनालय, तालीम, वसतिगृह, मोठमोठी रुग्णालये या सगळ्यांची दफ्तरे इथे असतात. लोकांनी लोकांसाठी दिलेली ही संपत्ती मोठी आहे, आणि तिला विचारणारा घरचा कोणी नाही.

म्हणूनच 1948 मध्ये तेंडोलकर समिती नेमली गेली आणि 1950 चा कायदा आला. आज त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. धर्मादाय आयुक्तांचे मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे आणि जिल्ह्यांत सह, उप व सहायक आयुक्त बसतात. कायद्याला लगेच आव्हान मिळाले. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1954 च्या निकालात न्यायालयाने नोंदणी, हिशेब आणि देखरेख मान्य केली, पण आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. लक्ष ठेवा, मालक होऊ नका, अशी ही मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांचे कायदे वेगळे. वक्फचाही वेगळा.

या सगळ्या कारभाराच्या मुळाशी एक कागद आहे, परिशिष्ट एक. शेतजमिनीला जसा सातबारा, तसे न्यासाला हे परिशिष्ट. न्यासाचे नाव, नोंदणी क्रमांक, उद्देश, विश्वस्तांची नावे, नवा विश्वस्त कसा नेमायचा याची रीत, जंगम आणि स्थावर मिळकत, उत्पन्नाची साधने असे रकाने त्यात असतात. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या सापडतात. बँक सह्या बदलायच्या आधी हाच कागद मागते आणि अनुदानाच्या फाइललाही तोच लागतो.

आणि घोटाळा होतो तोही इथेच. विश्वस्त वारला, कोणी राजीनामा दिला, निवडणूक झाली, जमीन मिळाली, तर 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अर्ज द्यायचा असतो. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमती, प्रतिज्ञापत्र. काम किचकट आहे, पण अवघड नाही. तरी ते राहून जाते. समजा, एका देवस्थानचे पाच विश्वस्त 1970 च्या सुमारास नोंदले गेले आणि पाचही आता हयात नाहीत. कारभार त्यांची मुले पाहतात, मनापासून पाहतात, पण कागदावर ती कोणीच नाहीत. उद्या देवस्थानच्या जमिनीवर कोणी हक्क सांगितला तर न्यायालयात उभे कोणी राहायचे?

वाद असला तर परिस्थिती आणखी बिघडते. दोन गट दोन सभा घेतात, दोन बदल अर्ज पडतात. चौकशी अर्धन्यायिक असते, साक्षी-पुरावे होतात, अपिले होतात. तेवढ्यात पुढची निवडणूक येते. तिचा बदल अर्ज आधीच्या निकालावर अवलंबून, म्हणून तोही थांबतो. एकावर एक अर्ज साचत जातात आणि खरे विश्वस्त कोण हे सांगता येत नाही. कार्यालयाने असे अर्ज वेळेत निकाली काढायलाच हवेत. असे साचलेले अर्ज हे संस्था मोडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे असे मला वाटते.

जमिनीचे कलम 36. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन 10 वर्षांहून आणि बाकीची मिळकत 3 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तरीही तेच. ही विक्री न्यासाच्या हिताची आहे का, एवढा एकच प्रश्न तिथे विचारायचा असतो. शहराकडेची देवस्थानची दोन एकर आज किती मोलाची आहेत हे पाहिले की या एका प्रश्नाचे वजन कळते.

रुग्णालयांचे कलम 41 कक. धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतले 2 टक्के वेगळ्या निधीत ठेवावे लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे बंधनकारक आहे. दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना हे माहीत नसते, हीच खरी अडचण.

ज्यांचा न्यासाशी हितसंबंध आहे त्यांना, म्हणजे देवळात दर्शनाला जाणाऱ्या भाविकालाही, तक्रार करता येते. असे दोघे मिळून परवानगी घेऊन दावाही लावू शकतात. पण तक्रारीच्या आधीची पायरी सोपी आहे. तुमच्या देवळाच्या, वाचनालयाच्या किंवा शाळेच्या पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा आणि परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत मिळवा. विश्वस्तांची नावे आणि जमिनीचे गट नंबर वाचा. नावे जुनी असतील तर पुढच्या वार्षिक सभेत बदल अर्जाचा विषय घ्यायला लावा.