दूध कोणाला पचते? युरोपातील जुन्या हाडांची साक्ष

'डॉक्टर, दूध प्यायलं की पोट गुडगुडतं, गॅस होतो, कधी कधी लगेच परसाकडे धावावं लागतं. आतड्यात काही दोष आहे का?' ही तक्रार घेऊन दर आठवड्याला दोन-चार रुग्ण तरी येतात. एवढ्या लक्षणांवरून तरी आतड्यात दोष आहे असे म्हणता येत नाही, हे सांगितले तरी बहुतेकांना पटत नाही. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत फार अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले आहे. ते म्हणजे पश्चिम युरोपातील गुहांमध्ये आणि थडग्यांमध्ये सापडलेली हजारो वर्षांपूर्वीची हाडे.

आधी थोडे शरीरशास्त्र. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. २०० मि.ली. गाईच्या दुधात ती सुमारे ९ ते १० ग्रॅम भरते. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे एन्झाइम तिचे तुकडे करते आणि मग ती रक्तात शोषली जाते. अंगावर पिणाऱ्या बाळात हे एन्झाइम भरपूर असते. पुढे मात्र बहुतेक सस्तन प्राण्यांत ते कमी होत जाते आणि जगातील बहुसंख्य माणसांतही तसेच घडते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेले की तेथील जंतू ते आंबवतात, वायू होतो आणि आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब होतात. म्हणजे मोठेपणी दूध न पचणे हीच मूळची रीत, पचणे हा अपवाद. हा अपवाद एका जनुकीय बदलामुळे होतो आणि युरोपियनांतील तो बदल २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी शोधून काढला. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकाच्या शेजारी, डी.एन.ए.चे एकच अक्षर बदलले की एन्झाइमची टाकी आयुष्यभर चालू राहते.

मग हे अक्षर युरोपात बदलले कधी? इथे पुरातत्त्वज्ञ मदतीला आले. कानाच्या आतील भागाभोवतीचे हाड आपल्या शरीरात सर्वात टणक असते. त्यात डी.एन.ए. इतर हाडांपेक्षा चांगला टिकतो. त्याची चिमूटभर पूड घेऊन आता हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाची जनुके वाचता येतात.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, चेडर येथील गुहेत १९०३ साली एक सांगाडा सापडला होता. तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा शिकारी. २०१८ साली त्याच्या डी.एन.ए.चे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा इंग्रज वाचक चकित झाले. डोळे निळे किंवा हिरवट आणि त्वचा बहुधा काळी-सावळी! आणि त्याला मोठेपणी दूध पचत नव्हते. पचण्याची गरजही नव्हती म्हणा, कारण त्याच्याकडे गाय कुठे होती?

गाई-मेंढ्या आणि गहू घेऊन शेतकरी आले ते आजच्या तुर्कस्तानाकडून. त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या सरकत इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास ब्रिटनला पोहोचले आणि तेथील मूळच्या शिकाऱ्यांचा वंश त्यांच्यात जवळजवळ विरून गेला. पुढे इसवी सनापूर्वी २४५० च्या सुमारास घंटेच्या आकाराची मडकी वापरणारे तिसरे लोक खंडावरून आले. त्यांचे काही पूर्वज काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातले होते. काही शतकांत ब्रिटनमधील सुमारे ९० टक्के वंश बदलला. स्पेन-पोर्तुगालमध्ये एकूण वंशात नव्यांचा वाटा सुमारे ४० टक्केच पडला. पण इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास तेथील पुरुषांची वडिलांकडून येणारी गुणसूत्रे जवळजवळ सर्व नव्यांची झाली होती. जुन्या पुरुषांचे काय झाले असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. रोगाचाही हात असू शकेल. सॉमरसेट आणि कंब्रिया येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या अवशेषांत प्लेगच्या जंतूचा डी.एन.ए. सापडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. पण प्लेगने गावे ओस पडली असे म्हणण्याइतका पुरावा त्यात नाही.

याच स्थलांतराच्या काळातील एक मनुष्य आम्हा डॉक्टरांना फार जवळचा वाटतो. स्टोनहेंजपासून थोड्या अंतरावर एम्सबरी येथे २००२ साली त्याचे थडगे सापडले. सोबत बाण, मडकी आणि ब्रिटनमधील सर्वात जुन्यांपैकी सोन्याचे दागिने. पण त्याच्या डाव्या गुडघ्याची वाटीच नव्हती, आणि जबड्यात दाताचे गळू झाल्याच्या खुणा होत्या. दाताचे कवच बालपणी तयार होते आणि त्या वेळी प्यायलेल्या पाण्याची खूण त्यात कायम राहते. त्यावरून तो लहानपणी आल्प्स पर्वताच्या परिसरात वाढला असावा असे दिसते. असा अधू पायाचा माणूस समुद्र ओलांडून आला, किंवा आल्यावर अधू झाला. दोन्ही बाबतीत त्याला कोणीतरी सांभाळले असणारच.

आता पुन्हा दुधाकडे. या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांनीच दूध पचवणारे जनुक युरोपभर पसरवले, असे काही वर्षांपूर्वी मानले जाई. ते तितके खरे ठरले नाही. जर्मनीतील टोलेन्झे नदीकाठी इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास झालेल्या लढाईत पडलेल्यांची हाडे तपासली, तर दूध पचवणारा आठात एखादाच निघाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तेरा हजारांहून अधिक खापरांचे तुकडे तपासले गेले. दुधाची चरबी त्यांत जनुकाच्या कितीतरी आधीपासून चिकटलेली होती! हे जनुक प्रथम दिसते ते इसवी सनापूर्वी ४७०० ते ४६०० च्या सुमारास, आणि सर्रास होते ते इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास. म्हणजे हजारो वर्षे लोक दूध न पचताच दुभती जनावरे पाळत होते. दही, चीज करून खात होते, थोडेफार पोटदुखीने काढत होते.

मग हे जनुक वाढले का? त्या अभ्यासकांचे म्हणणे मला एक डॉक्टर म्हणून पटते. धडधाकट माणसाला दुधाने गॅस झाला तर तो मरत नाही. पण दुष्काळात पीक बुडाले, घरात दुधाखेरीज काही नाही, आणि उपाशी, आधीच आजारी माणसाला जुलाब लागले तर तो पाणी कमी होऊन दगावतो. अशा प्रत्येक संकटात दूध पचणारे वाचले. सलाईन-जलसंजीवनी नसलेल्या काळात जुलाबाने काय केले असेल, हे खेड्यात कॉलऱ्याची साथ पाहिलेल्यांना सांगायला नको.

आयर्लंडची कथा वेगळीच. रॅथलिन बेटावर २००६ साली एका दारूच्या गुत्त्यामागे जागा साफ करताना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे तीन पुरुष सापडले. त्यांतील एकात, शरीरात लोह साठवणाऱ्या जनुकीय दोषाची एक प्रत होती. दोन प्रती जमल्या तर यकृत, हृदय, स्वादुपिंड यांत लोह साचून ते निकामी होऊ शकतात. हा विकार आजही आयर्लंडमध्ये जगात सर्वात जास्त आहे आणि उपचार म्हणजे ठराविक अंतराने रक्त काढणे. आपल्याकडे मात्र हा दोष फारच दुर्मिळ. इथे आम्ही लोहाच्या गोळ्याच लिहून देत असतो.

दूध पचवणारे तेच अक्षर भारतातही आहे. भारतभरातील सव्वादोन हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीत ते वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी कमी होत गेलेले आढळले, आणि त्याचे मूळ युरोपातल्याशी एकच निघाले. तेव्हा एखाद्या पंजाबी शेजाऱ्याला दोन पेले दूध सहज पचते आणि तुम्हाला पचत नाही, यात कमीपणा कसला?

ज्यांना त्रास होतो त्यांनी दोन आठवडे दूध बंद करून पाहावे. त्रास थांबला तर अर्धा कप, तोही जेवणासोबत, सुरू करावे. पुष्कळांना तेवढे सोसते. दही-ताक सोडू नये, कारण त्यातील जंतूच लॅक्टोज पचवायला मदत करतात. तुपात लॅक्टोज नसल्यासारखेच. बासुंदीत मात्र दूध आटल्याने ते कमी होत नाही, दाटच होते. दूध सोडले तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आहेत. बाळाचे अंगावरचे दूध या कारणाने कधीही तोडू नये, जुलाबातही नाही. आणि शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा ताप असेल, तर दुधाला दोष देत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.