पालिकेची इमारत : माणसे मोजावीत की कामे?

एखाद्या गावाची पालिका नवी इमारत बांधायला निघाली, की पहिला प्रश्न मजल्यांचा असतो आणि दुसरा निधीचा. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा उद्घाटनाला कोण येणार हा असतो. या इमारतीत पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कोणती कामे होणार आहेत, हे सहसा कुणी विचारत नाही. खरे तर इमारतीचा आकार त्याच उत्तरावरून ठरायला हवा.

मी यावलचा. वास्तुविशारद नाही आणि अभियंताही नाही. जनगणनेची पुस्तके, गॅझेटियरचे खंड आणि नगरपालिकांचे कायदे गेली अनेक वर्षे वाचत आलो, त्यातून या विषयात शिरलो. हा लेख आमच्या पालिकेच्या इमारतीचे परीक्षण नाही. वाढत्या गावाने स्वतःच्या कारभारासाठी किती जागा धरावी, याचा हिशेब कसा मांडता येतो आणि तो कुठे फसतो, एवढेच येथे तपासायचे आहे.

लोकसंख्येचा हिशेब

नेहमीची रीत सरळ आहे. मागच्या दोन जनगणनांवरून वाढीचा दर काढायचा, तोच पुढे न्यायचा आणि माणसे वाढतील त्या प्रमाणात खोल्या वाढवायच्या. यावलची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३१,८०० होती. २०११ मध्ये ती सुमारे ३६,७०० झाली. दहा वर्षांत साधारण १५ टक्के वाढ. हाच दर कायम राहिला तर २०४१ मध्ये गाव ५५ हजारांच्या आसपास जाईल. म्हणजे आजच्या खोल्यांत निम्म्यांची भर घाला, असे हा हिशेब सांगतो.

पण हा दर कायम राहत नाही. जळगाव शहर १९९१ मध्ये सुमारे २ लाख ४२ हजारांचे होते, २००१ मध्ये ते ३ लाख ६८ हजारांवर गेले. एका दशकात दीडपट. पुढच्या दशकात ते ४ लाख ६० हजारांवर थांबले, म्हणजे वाढ २५ टक्के. पहिल्या दशकाच्या दरावर विसंबून कुणी २००१ मध्ये इमारत आखली असती, तर २०११ साठी त्याने साडेपाच लाखांहून अधिक माणसे धरली असती. अंदाज लाखभराने चुकला असता.

शिवाय लोकसंख्या पालिकेच्या दारात पायरीपायरीने येते. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमात ४० हजारांपर्यंतची पालिका 'क' वर्गात, ४० हजारांवरून एक लाखापर्यंतची 'ब' वर्गात आणि त्यापुढची 'अ' वर्गात मोडते. वर्ग बदलला की सदस्यांची संख्या, अधिकाऱ्यांचा दर्जा आणि कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध या सगळ्यांतच फरक पडतो. वरच्या दराने यावलने २०२१ पर्यंत चाळीस हजारांची रेषा ओलांडायला हवी होती. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही. माणसे वाढली, मोजणी थांबली. गाव प्रत्यक्षात केवढे आहे आणि कागदावर केवढे आहे, यांतले हे अंतर ज्या वर्षी मिटते, त्या वर्षी नव्या खुर्च्या एकदम माग‍ाव्या लागतात.

कामे जन्मतात, कामे मरतात

माणसांपेक्षा अधिक वेगाने बदलतात ती कामे. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने घटनेला बारावे परिशिष्ट जोडले आणि नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय त्यात नोंदवले. त्याच दुरुस्तीने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले. त्याआधी बांधलेल्या इमारतीचा आराखडा काढणाऱ्याने सभागृहाजवळ स्त्रियांसाठी स्वच्छतागृह ठेवले नसेल, तर त्याच्या मनातली पालिका कोणाची होती ते लगेच कळते. गावाची लोकसंख्या एकाने वाढली नसती तरीही ती इमारत त्या दिवशी अपुरी पडली असती. पुढे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. अर्जदाराला बसवून कागद दाखवायचा, तर त्यालाही टेबल-खुर्ची लागते. २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि दाखला किती दिवसांत द्यायचा याला मुदत लागली.

दुसऱ्या बाजूने कामे नाहीशीही होतात. जकात हे कधीकाळी पालिकेचे सर्वात गजबजलेले खाते होते. नाके, पावत्यांची कोठारे, रात्रपाळीचे कारकून, हिशेबनीस असा मोठा पसारा त्यामागे होता. राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला. १९९० साली जकात खात्यासाठी भक्कम भिंतींच्या खोल्या बांधणाऱ्याने, त्या वेळच्या माहितीप्रमाणे, योग्यच केले होते. दहा वर्षांनी त्या खोल्यांचे काम उरले नाही आणि भिंती मात्र राहिल्या.

यातून पहिली गोष्ट निघते. कोणते खाते वाढेल याचा अंदाज बांधण्यात शहाणपण थोडे. कोणतेही खाते कुठेही हलवता येईल अशी जागा बांधण्यात ते जास्त. खांब ठरावीक अंतरावर, खांबांमधल्या भिंती हलक्या आणि काढता येण्याजोग्या, जिना, पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे एका कडेला. एवढे केले तर जकातीची खोली उद्या माहिती अधिकाराची खोली होऊ शकते.

हद्द एका कागदाने बदलते

खानदेशाला हा अनुभव जुना आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले आणि जुन्या गावाशेजारी मोकळ्या जागेत नवी पेठ आखली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळे पश्चिमेचे ठाणे राहिले आणि जळगाव एकाएकी पूर्वेचे ठाणे झाले. २००३ मध्ये तर मार्चमध्ये जळगाव आणि जूनमध्ये धुळे अशा दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. तिन्ही वेळा माणसे होती तेवढीच होती, कारभार मात्र रातोरात मोठा झाला.

पुण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. पुणे महापालिकेची स्थापना १९५० ची. जुनी इमारत अपुरी पडू लागल्याने शेजारीच नवी विस्तारित इमारत बांधली गेली आणि २१ जून २०१८ रोजी तिचे उद्घाटन झाले. त्याच्या आदल्या वर्षी ११ गावे हद्दीत आली होती. २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. इमारत आखणाऱ्यासमोर असलेले शहर आणि इमारत वापरात आल्यावरचे शहर ही दोन वेगळी शहरे होती. यात आराखड्याचा दोष नाही. हद्दवाढीचा निर्णय मुंबईत होतो, तो पालिकेच्या अभियंत्याला विचारून होत नाही.

मुंबईची इमारत कशी टिकली?

मग सव्वाशे वर्षांपूर्वीची इमारत आजही मुख्यालय म्हणून कशी चालते? मुंबई महापालिकेची बोरीबंदरासमोरची वास्तू १८९३ मध्ये पूर्ण झाली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. समोरचे रेल्वे स्थानकही त्यांचेच. त्या वेळी मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १ कोटी २४ लाख होती. १८८८ च्या कायद्याने सदस्य ७२ होते, आता २२७ आहेत. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे जोडली जाऊन हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली.

लोकसंख्या पंधरापट झाली. मुख्यालय पंधरापट झाले नाही. मागे जोडइमारत उभी राहिली, पण खरे उत्तर वेगळे होते. कारभार विभाग कार्यालयांत वाटला गेला. आज अशी अनेक विभाग कार्यालये आहेत आणि दहिसरच्या माणसाला पाण्याच्या तक्रारीसाठी बोरीबंदर गाठावे लागत नाही. मुख्यालयाकडे धोरण, हिशेब आणि सभा राहिली.

आमच्या भागात नेमके उलटे उत्तर दिसते. जळगावची सतरा मजली इमारत शहर नगरपालिका असतानाच उभी राहिली. त्या वेळी ती गरजेपेक्षा फार मोठी भासणे साहजिक होते. पण २००३ मध्ये महापालिका झाली तेव्हा नवे मुख्यालय शोधावे लागले नाही, हे तिच्या बाजूचे मोठे माप आहे. दुसरे मापही मांडले पाहिजे. उंच इमारतीत लिफ्ट हाच रस्ता असतो. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट, जिने आणि आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट यांना जागा द्यावी लागते. मजला लहान असेल तर त्यांचा वाटा मोठा होतो. एका कामासाठी तीन मजले फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा वेळ कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

जमीन

जागेच्या प्रश्नात सर्वात महाग आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोकळी जमीन. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी जागा आरक्षित करता येते. पण दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. नकाशावर रंगवलेली जागा म्हणजे हातातली जागा नव्हे.

हातातली जागाही गाळ्यांत जाऊ शकते. इमारतीचा खर्च भागवायला रस्त्याकडेच्या बाजूला दुकाने काढण्याची युक्ती सर्वत्र चालते. उत्पन्न मिळते, नाकारता येत नाही. पण जळगावात पालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या बहुतांश गाळ्यांच्या मुदती २०१२ मध्ये संपल्या आणि नूतनीकरणाचा तिढा पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. ज्या भिंतीमागे उद्या आपल्याला वाढायचे आहे, तिथे आज भाडेकरू बसवताना हा अनुभव समोर असावा.

वर वाढू, असेही म्हटले जाते. आज दोन मजले बांधून तिसऱ्याचे खांब धरून ठेवायचे. परंतु भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक २००२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये बदलले. काल पुरेसा ठरलेला खांब आजच्या नियमाला पुरेसा ठरेलच असे नाही. शेजारी मोकळा भूखंड असेल तर हा प्रश्नच येत नाही. केळीची लागण करणारा आमचा शेतकरी दोन खोडांत पाच फूट सोडतो. लागणीच्या दिवशी ती जागा वाया गेलेली दिसते; कुणी तिथे आणखी रोप खुपसत नाही.

यावलपुरता एक हिशेब

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे येऊ. गृहीत धरू की ३६,७०० माणसांची सुमारे ७,३०० कुटुंबे आहेत, त्यांतली निम्मी मार्चअखेर घरपट्टी भरायला येतात आणि त्या महिन्यात २५ दिवस काम चालते. दिवसाला १४६ माणसे झाली. प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर १२ तासांचे काम. एक खिडकी सहा तास चालते, म्हणजे दोन खिडक्या श्वास न घेता आणि सावकाश चालायला तीन. २०४१ च्या ५५ हजार वस्तीला याच रीतीने चार लागतील. पण त्यांतल्या निम्म्यांनी फोनवरून पैसे भरले तर दोनच पुरतील.

म्हणजे खिडक्यांचे उत्तर दोन ते चार यांच्या मध्ये कुठेही असू शकते. निश्चित आहे ते वेगळेच : फोनवर ज्याचे काम होत नाही, तोच माणूस प्रत्यक्ष येणार. नावात चूक असलेला, वारसनोंद अडलेला, आकारणीवर हरकत असलेला. त्याला पाच मिनिटे पुरत नाहीत. त्याला सावली, बाक, पिण्याचे पाणी आणि समोर बसून बोलायला टेबल लागते. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पश्चिमेला काचेची दर्शनी भिंत लावून हे साधत नाही. रुंद ओसरी, उत्तर-दक्षिण खिडक्या आणि पश्चिमेला जाड भिंत हे धाब्याच्या घरांत राहिलेल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

दुसरी निश्चित गोष्ट म्हणजे दप्तर. सरकारी कागद अ, ब, क, क-१ आणि ड वर्गांत मोडतात. 'ड' वर्षभराने नष्ट करता येतो, 'अ' कायम ठेवावा लागतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी कायमच्या असतात, आणि 'कायम' या शब्दाला जागा लागते. कागद जडही असतो. साध्या कार्यालयाच्या तक्तपोशीवर चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार धरतात. दप्तराच्या खोलीला ५०० किलो तरी धरावे लागतात. म्हणून दप्तर तळमजल्यावर हवे, जोत्याच्या उंचीवर, ओलीपासून आणि विजेच्या मुख्य जोडणीपासून दूर. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत फायलींचे काय झाले, ते राज्याने पाहिले आहे. एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेल्या यावलने तरी कागदाची ही किंमत ओळखावी.

सभागृह मात्र वेगळे बांधू नये, असे माझे मत आहे. सभा महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होते. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक पालिकांवर काही वर्षे प्रशासक होते आणि सभागृहे रिकामी राहिली. सदस्यसंख्या वाढेल, कमी होईल. तेव्हा हलवता येणाऱ्या खुर्च्यांचा एकच मोठा दालन ठेवावा आणि एरवी तिथे लसीकरण, सुनावण्या, अभ्यासिका चालवावी.

या सगळ्याची बेरीज मी अशी करतो. आज माहीत असलेल्या कामांपुरते बांधावे, फार तर दोन मजले. तेवढेच पुन्हा बांधता येईल एवढी लागून जमीन पालिकेच्या नावावर, कुंपणासह आणि गाळ्यांविना ठेवावी. गाव एका दिशेला पसरले की तिकडे दोन खोल्यांचे कार्यालय उघडावे. मुख्य इमारत फुगवू नये. दर जनगणनेनंतर कोणती कामे आली, कोणती गेली, याची यादी सभेपुढे मांडावी आणि त्यावरून भिंती हलवाव्यात. अशा इमारतीचे उद्घाटन साधेच होईल, आणि शेजारचा रिकामा भूखंड पाहून दर पाच वर्षांनी कुणीतरी विचारेल की ही जागा अशी पडीक का ठेवली. तेव्हा उत्तर देता यावे म्हणून राखीव ठेवण्याचा ठराव कारणांसह इतिवृत्तात लिहून ठेवावा, आणि ते इतिवृत्त 'अ' वर्गात ठेवावे.