कांडवेल घेताय? हाडांना फायदा होतोय का, हे असं ओळखा

कांडवेलीचा काढा सुरू केल्यापासून सजद्यात गुडघे दुखत नाहीत, म्हणजे हाडं मजबूत झाली, असं घरोघरी म्हटलं जातं. चौकोनी कांड्यांची ही वेल हाडजोड म्हणूनही ओळखली जाते. जुन्या नाशकापासून मालेगावपर्यंत अम्मी, खाला, दादीजान ती विश्वासाने घेतात. औषध करणं चांगलंच आहे. पण ते लागू पडतंय का, हे बघण्याची रीत चुकते.

गुडघेदुखी आणि हाडांची झीज हे दोन वेगळे आजार आहेत. उतारवयात गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे. हाडं ठिसूळ होणं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा मुका आजार आहे. वजू करताना पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत तो सहसा कळतच नाही. म्हणून दुखणं थांबलं यावरून हाड भरलं असं ठरवता येत नाही.

आधी मोजा, मग सुरू करा

हाडांची घनता मोजणारी खरी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. खुबा आणि कमरेच्या मणक्यांची ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते. रिपोर्टमध्ये ‘टी-स्कोअर’ असतो. उणे 1 किंवा त्याहून वर असेल तर घनता ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये असेल तर झीज सुरू, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेवर मशीन लावून करतात ती तपासणी फक्त अंदाज देते. औषधाचा परिणाम तिच्यावरून मोजू नये.

दुसरा डेक्सा एक ते दोन वर्षांनी, त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा. हाड सावकाश बदलतं आणि मशीनच्या मोजणीतही थोडा फरक पडतो. दोन-तीन टक्क्यांची वाढ दिसली म्हणून खूश होऊ नका, तेवढीच घट दिसली म्हणून घाबरूही नका. घनता टिकून राहिली तरी ती चांगली बातमी आहे.

इतके थांबायचे नसेल तर सीटीएक्स ही रक्ततपासणी तीन ते सहा महिन्यांत झिजेचा वेग सांगू शकते. ती सकाळी, रात्रभर उपाशी राहून करायची असते. रमजानमध्ये सहरी झालेली असते, म्हणून ती आधी किंवा ईदनंतर करावी.

श्रेय कोणाला?

काढ्यासोबतच कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणंही सुरू केलं, तर गुण नेमका कशाचा हे कळणार नाही. काय, कधीपासून, किती घेतलं ते तारखेसह वहीत लिहा. दर सहा महिन्यांनी भिंतीला टेकून उंची मोजा. दोन सेंटिमीटर किंवा जास्त घटली तर मणका दबला असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. ऊन कमी मिळणाऱ्या महिलांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी असेल तर नुसत्या काढ्यावर विसंबून चालत नाही.

चार दिवसांत गुण आला तर सावध

बिनलेबलच्या पुडीने चार दिवसांत सगळं दुखणं गायब झालं, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. स्टिरॉइड दुखणं दाबतं आणि हाडं पोखरतं. म्हणजे बरं वाटत असतानाच नुकसान चालू राहतं. मात्र बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करू नका, आधी पुडीसह डॉक्टरांकडे जा. औषध नोंदणीकृत हकीम किंवा वैद्यांकडूनच घ्या. बीयूएमएस ही युनानीची रीतसर पदवी आहे आणि ती देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे. डिग्री आणि नोंदणी विचारण्यात बेअदबी नाही.

कांडवेलीने हाड मोडण्याचा धोका कमी होतो, असा भक्कम पुरावा अजून नाही. म्हणून टी-स्कोअर उणे 2.5 च्या खाली असेल किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांचं औषध सोडून काढ्यावर राहू नका. विशेषतः सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब इंजेक्शन चुकवलं तर झीज झपाट्याने वाढते आणि मणके मोडू शकतात. काढा चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

घरातल्या मोठ्यांसाठी दुआ करतोच. सोबत पहिला डेक्सा रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची आहे.