पंखा नव्हता, फ्रिज नव्हता. मग फिरऔनच्या काळात मिस्रचे लोक उन्हाळा कसा काढत?

फिरऔन म्हटलं की आपल्या घरातल्या लहान मुलांनाही हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवतो. बादशाह, महाल, पिरॅमिड हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण त्या मुल्कात साधी माणसंही राहत होती: शेतकरी, मजूर, धोबी, पाणी वाहणारे. आज ज्याला लक्सर म्हणतात, त्या भागात उन्हाळ्यात दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पाऊस जवळपास पडतच नाही. तिथे ही माणसं विजेशिवाय हजारो वर्षं राहिली. कशी, ते बघू.

मातीचं घर

नाईलचा गाळ, त्यात गवताचा भुसा, साच्यात घालून उन्हात वाळवलेल्या विटा. सामान्य माणसाचंच नाही, तर बादशाहचं राहतं घरही याच विटांचं असायचं. दगड मंदिरांसाठी आणि कबरींसाठी. मातीची जाड भिंत हळूहळू तापते. दुपारची धग आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. खिडक्या लहान आणि उंचावर, म्हणजे उजेड येतो पण ऊन येत नाही. स्वयंपाकाची जागा घराच्या मागच्या बाजूला, वर नुसत्या चटया किंवा फांद्या, त्यामुळे चुलीची धग घरात कोंडत नाही. छप्पर सपाट आणि वर जायला जिना. रात्री वाळवंट लवकर थंड होतं, तेव्हा गच्चीवर मोकळी हवा मिळायची.

हे नुसतं जुन्या काळाचं कौतुक नाही. मिस्रचे नामवंत वास्तुकार हसन फतही यांनी काहिरामध्ये झालेल्या एका चाचणीची नोंद करून ठेवली आहे. मार्च महिन्यात मातीच्या विटांची खोली आणि काँक्रीटच्या तयार पत्र्यांची खोली तपासली. मातीच्या खोलीत दिवसरात्र तापमान २१ ते २३ अंशांतच राहिलं. काँक्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत गेली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त!

उत्तरेचा वारा

मिस्रमध्ये वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. तो वारा त्यांना इतका प्यारा होता की मेलेल्या माणसासाठी केलेल्या दुआंमध्येही उत्तरेची गोड हवा मागितलेली दिसते. नख्त नावाच्या एका अधिकाऱ्याच्या सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या पपायरसवर त्याच्या घराचं चित्र आहे. त्यात छपरावर दोन तिकोनी झरोके दिसतात. वारा पकडून घरात उतरवायची ही सोय. पुढे इस्लामी काळात काहिराच्या घरांत हीच युक्ती ‘मलकफ’ या नावाने वापरली गेली.

कपडे आणि सुरमा

अंगावर जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचं पातळ, सैल, पांढरं कापड, म्हणजे लिनन. घाम लवकर वाळतो आणि ऊन परतवलं जातं. अंगाला तेल लावायचे, नाहीतर कोरड्या हवेत कातडी फुटते.

डोळ्यांत सुरमा पुरुषही घालत आणि बायकाही. काळा सुरमा बहुतेक गॅलेना नावाच्या खनिजाचा, ज्यात शिसं असतं. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की त्या सौंदर्यप्रसाधनांतल्या काही शिशाच्या क्षारांमुळे अगदी थोड्या प्रमाणात शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद जागी होऊ शकते. पण इथे पालकांनी नीट ऐकावं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि त्याचं कुठलंही सुरक्षित प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसं आढळलेलं आहे. सुरमा लावणं ही सुन्नत आहे, तिच्याबद्दल वाद नाही; पण डबीत काय आहे याची खात्री नसेल तर तो बाळाच्या डोळ्यांत घालू नका.

माठातलं पाणी

पाणी मातीच्या भांड्यात. भांड्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. मिस्रमध्ये अशा मोठ्या रांजणाला आजही ‘ज़ीर’ म्हणतात. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. म्हणूनच आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात माठ जसा गार होतो, तसा मुंबई-कोकणच्या दमट हवेत होत नाही.

पाणी हा मजुराचा हक्क

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, दैर अल-मदीना नावाची वस्ती होती. बादशाहांच्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे राहत. वस्तीच्या आत साधारण ७० घरं. जागा वाळवंटात, विहीर नाही. मग पाणी? सरकारने पाणी वाहणारे नेमलेले होते, ते गाढवांवर लादून पाणी आणत. धान्य, मासे, भाजी, कपडा आणि अंगाला लावायचं तेलसुद्धा कारागिरांना सरकारकडून मिळायचं.

रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनपूर्व ११५७ च्या सुमारास, हा शिधा थकला. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, ना कपडा आहे ना तेल, अशी त्यांची तक्रार होती. इतिहासात लेखी नोंद असलेला हा सर्वात जुना संप मानला जातो. त्याचा कागद, म्हणजे पपायरस, आज इटलीतल्या तुरीन शहराच्या संग्रहालयात आहे.

विचार करा, तीन हजार वर्षांपूर्वीचा मजूर उन्हात काम करताना पाणी आणि तेल मेहेरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून मागत होता. आणि आज आपल्याच मोहल्ल्यात स्लॅब टाकणारा, हातगाडी ओढणारा माणूस दुपारी पाणी कुठे पितो, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

मातीच्या जाड भिंती आता आपल्याला जमणार नाहीत. पण गच्चीला किंवा पत्र्याला पांढरा चुना लावता येतो, समोरासमोरच्या खिडक्या संध्याकाळी उघडता येतात, मुलांना नायलॉनऐवजी सुती कपडे घालता येतात. मुहर्रममध्ये आपण सबील लावतोच. ती मे महिन्यातही लागू शकते. दाराबाहेर एक माठ आणि एक पेला, एवढ्यानेही सुरुवात होते.