संभाषण-सर्व्हरसाठी घटनाधिष्ठित सॉकेट
१९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही संभाषणव्यवस्था निर्माण केली. अशा सर्व्हरवरील शेकडो जोडण्या बहुतांश वेळ मूकच असतात. सबब प्रत्येकीस स्वतंत्र थ्रेड न देता, ज्या सॉकेटवर काही घडले तेवढ्याचीच दखल घेणे श्रेयस्कर.

मात्र घटना कोणती मानावी, हा खरा प्रश्न. ‘डेटा आला’ म्हणजे ‘संदेश आला’ नव्हे. टीसीपी केवळ बाइटांचा प्रवाह वाहून नेते. एका वाचनात अर्धी ओळ येईल, वा अडीचही. देवनागरी ‘क’ यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट व्यापतो, तेव्हा अक्षरही मधोमध दुभंगू शकते. एकाच यंत्रावर चाचणी घेताना हा दोष बहुधा दिसत नाही, हीच त्यातील मेख. यास्तव सॉकेटच्या क्लासने प्रत्येक जोडणीचे बाइट स्वतंत्र बफरमध्ये साठवावेत, आणि ओळ पूर्ण झाल्यावरच त्यांचे अक्षरांत रूपांतर करून संदेशाची घटना कळवावी. आयआरसीच्या १९९३ च्या नियमपत्रात संदेशास ५१२ बाइटांची मर्यादा आहे. मर्यादाच नसेल, तर ओळ कधीच न संपविणारा एखादा क्लायंट सर्व्हरची सारी मेमरी गिळून टाकील.

पाठविण्याच्या बाजूसही रांग हवीच. मंद जोडणीपायी सर्व्हर लिहिता लिहिता थांबला, की साऱ्यांचेच संभाषण खोळंबते. रांग ठराविक मर्यादेपलीकडे वाढल्यास ती जोडणी तोडावी.